सापडला, पण दोषी आहे का?

तापाने फणफणलेला, झटके येणारा, घरच्यांनाही न ओळखणारा रुग्ण विदर्भातल्या रुग्णालयात दाखल झाला की संशय आधी जपानी मेंदूज्वरावर नाहीतर चंडिपुरावर जातो. ते साहजिक आहे. १९६५ मध्ये सापडलेल्या चंडिपुरा विषाणूला नावच नागपूर जिल्ह्यातल्या गावाचे आहे. या दोन्हींवर नेमके औषध नाही. याच लक्षणांमागे हर्पिस सिम्प्लेक्स असेल, तर मात्र आहे. असायक्लोव्हिर मिळाले नाही तर या मेंदूज्वराचे शंभरातले सुमारे ७० रुग्ण दगावतात. त्यामुळे पाठीतून काढलेल्या पाण्यात या विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी ही चैन म्हणता येणार नाही. ती येण्यापूर्वी खात्री करायची तर मेंदूचा तुकडा काढावा लागे.

मग अशा चाचण्या सरसकट का करू नयेत? तसा आग्रह धरणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. काही थेंब नमुन्यातून चौदा जंतू तासाभरात शोधणारी पॅनेल आता मिळतात. तान्ह्या बाळाच्या पाठीतून पुन्हा पुन्हा पाणी काढता येत नाही आणि अतिदक्षता विभागातला प्रत्येक तास मोलाचा असतो. जन्मजात सायटोमेगॅलोव्हायरसचे निदान तर जन्मानंतर २१ दिवसांच्या आत लाळेची किंवा लघवीची तपासणी झाली तरच भरवशाचे ठरते. त्यानंतर विषाणू सापडला, तरी तो बाळ पोटात असताना आला की नंतर, हे सांगणे कठीण.

अडचण या विषाणूंच्या स्वभावात आहे. माणसाला जडणारे हर्पिसकुळातले आठ विषाणू एकदा शरीरात शिरले की जन्मभर मुक्काम हलवत नाहीत. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. याच कुळातला सायटोमेगॅलोव्हायरस तर भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतोच. न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या माणसाच्या रक्तात तो सापडला, तर आजार त्याने आणला की आजाराने त्याला जागे केले? ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दात त्याचे उत्तर नसते.

सहाव्या हर्पिस विषाणूची गंमत तर आणखी निराळी. सुमारे एक टक्का माणसांना तो आईवडिलांकडून गुणसूत्रातच मिळतो. त्यांच्या प्रत्येक पेशीत, केसाच्या मुळाशी, अगदी नखातही त्याचा डीएनए असतो. अशा माणसाची चाचणी आयुष्यभर पॉझिटिव्हच येणार. ते न ओळखता गॅनसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध दिले, तर अस्थिमज्जेवर होणारा दुष्परिणाम रुग्णाने विनाकारण सोसायचा. आणि दुसऱ्या टोकाला निगेटिव्हही फसवतो. हर्पिसच्या मेंदूज्वरात पहिल्या दोन-तीन दिवसांत विषाणू हाती लागेलच असे नाही. संशय दाट असेल तर औषध चालू ठेवून काही दिवसांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

म्हणजे दोष चाचणीचा नाही. ‘इथे विषाणू आहे का?’ याचे उत्तर ती बहुतेकदा चोख देते. डॉक्टरांचा प्रश्न मात्र ‘या माणसाला तो आजारी पाडतो आहे का?’ हा असतो. पाठीतल्या पाण्यात, जिथे विषाणू एरवी नसावा तिथे, हर्पिस सिम्प्लेक्स सापडला तर हे दोन प्रश्न जवळजवळ एकच होतात. रक्तात आणि लाळेत ते दूर सरकतात. तिथे नुसत्या असण्यापेक्षा संख्या आणि तिची चाल महत्त्वाची. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णात सायटोमेगॅलोव्हायरसची संख्या आठवड्यागणिक चढते आहे की उतरते आहे, यावर उपचार ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मोजणीसाठी आंतरराष्ट्रीय मापदंड दिला, तरीही प्लाझ्मातला आकडा पूर्ण रक्तातल्या आकड्याशी ताडून पाहणे चूकच. एका रुग्णाची मोजणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत व्हावी.

तेव्हा चाचण्यांवर लगाम की मोकळे रान, असा वाद घालण्यात अर्थ नाही. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआर यंत्रे पोहोचली. शहरातल्या महागड्या पॅनेलआधी त्या यंत्रांवर पाठीतल्या पाण्याची साधी हर्पिस सिम्प्लेक्स तपासणी, तीही त्याच दिवशी, मिळायला हवी. त्यासाठी किट लागतील, प्रशिक्षित हात लागतील आणि गुणवत्तेची नियमित पडताळणीही लागेल. अहवाल येईपर्यंत असायक्लोव्हिर थांबवून ठेवू नये. उरलेल्या चाचण्यांसाठी मागणीच्या चिठ्ठीवर एक ओळ सक्तीची करावी: ‘पॉझिटिव्ह आल्यास उपचारात काय बदलणार?’ ती ओळ कोरी राहत असेल, तर नमुना घेण्याची घाई नको.