जोखीम कोणाच्या खांद्यावर?

परदेशात भांडवल गुंतविणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीला अनेक संकटांचा आगाऊ विचार करावा लागतो. चलन घसरेल, इंधन महागेल, मालाला उठाव राहणार नाही, किंवा सत्तांतर होऊन करारच मोडीत निघेल. या शक्यतांविरुद्ध तजवीज करणे हा दोष नव्हे. ते व्यवस्थापनाचे कर्तव्यच होय. प्रश्न एवढाच, की या तजविजीने जोखीम खरोखर कमी होते, की ती केवळ दुसऱ्याच्या माथी मारली जाते? दाभोळच्या वीजप्रकल्पात महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर जबर किंमत देऊन मिळविले आहे.

एन्रॉनच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दाभोळ वीज कंपनीशी राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. विजेचा दर मुख्यतः डॉलरशी जोडलेला असल्याने रुपयाच्या घसरणीचा भार मंडळावर पडला. १९९३ साली सुमारे ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ मध्ये ४७ रुपयांच्या घरात गेला. इंधनाची दरवाढही मंडळानेच सोसावयाची होती. वीज घेतली नाही, तरी स्थिर आकार भरणे बंधनकारक होते. राजकीय अनिश्चिततेसाठी राज्य सरकारची हमी आणि तीवर केंद्राची प्रतिहमी होती. १९९५ मध्ये रद्द झालेला हा करार १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर पुन्हा झाला, तथापि जोखमीची ही वाटणी मूलतः तशीच राहिली.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता यांत भेद केला, आणि नफा हे अनिश्चितता पत्करण्याचे फळ होय असे प्रतिपादिले. ही कसोटी येथे लावली, तर अनिश्चिततेचा मोठा वाटा ग्राहकाने उचलावा आणि नफा मात्र कंपनीने घ्यावा, या व्यवस्थेचे समर्थन कशाच्या आधारे करावयाचे?

परंतु न पेलणाऱ्या खांद्यावर टाकलेले ओझे अखेर टाकणाऱ्याच्याच पायावर पडते. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. मंडळ वीज कमी घेऊ लागले, तसा तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन दर युनिटचा खर्च भडकला. मंडळाची देणी थकली आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन आपल्या अमेरिकेतील हिशेबी गैरव्यवहारांपायी दिवाळखोरीत गेली. ज्या भारतीय वित्तसंस्थांनी प्रकल्पाला कर्जे दिली होती, त्यांचा पैसा अडकला. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या सहभागाने नवी कंपनी स्थापून प्रकल्प सावरावा लागला. कागदावर अभेद्य भासणारी हमी ग्राहकाच्या ऐपतीपेक्षा मोठी ठरू शकली नाही.

यास्तव परकी भांडवलाला सरसकट विरोध करणे जसे अदूरदर्शीपणाचे, तसेच 'गुंतवणूक आली' एवढ्यावर समाधान मानणेही घातक होय. सार्वजनिक पैशाची हमी मागणारा प्रत्येक करार स्वाक्षरीपूर्वी विधिमंडळापुढे आला पाहिजे. चलन, इंधन, मागणी व राजकारण यांपैकी कोणती जोखीम कोण उचलणार, हे त्यात सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत नमूद असले पाहिजे. ज्याला विजेचे बिल भरावयाचे आहे, त्याला हे विचारण्याचा अधिकार निश्चितच आहे.