धार लावण्याचे जिग घेताना

कातकामात पोट भरते ते धारेवर. लेथ कितीही महागाची असो, पटाशी बोथट असेल तर लाकूड कापले जात नाही, ओरबाडले जाते. मग पलंगाचा एकेक पाय पॉलिशपेपरने घासत बसावे लागते आणि नगावर मजुरी घेणाऱ्याचा वेळ फुकट जातो. डहाणू-तलासरीच्या बाजूला साग ओळखीचा. या सागात वाळूच्याच जातीचे सिलिकाचे बारीक कण असतात. ते धार लवकर खातात, म्हणून सागावर काम करणाऱ्याला पुन्हा पुन्हा ग्राइंडरकडे जावे लागते.

तोटा होतो तो तिथेच. नुसत्या हाताने धरलेली पटाशी दर वेळी थोड्या वेगळ्या कोनात टेकते. जुना उतार मोडून नवा पाडताना चांगले पोलाद झिजून जाते. गुजरातेत संखेड्याला आणि आपल्याकडे सावंतवाडीला पिढ्यानपिढ्या कातकाम करणारी घराणी आहेत. तिथे मूल वडिलांच्या हाताकडे पाहून शिकते. पण ज्याच्या घरी लेथ कधी नव्हती, त्याने काय करावे? त्याच्यासाठी जिग आहे. हत्यार ठरलेल्या कोनात दगडाला टेकवून धरणारा साचा म्हणजे जिग. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात बसणारा कोन त्यामुळे मापाने मिळतो आणि माप कोणालाही शिकता येते.

जिग घेण्याआधी आपली हत्यारे मोजा. खरवडायची सपाट पटाशी, तिरकी पटाशी आणि लाकूड गोल करायची जाड गोल पटाशी यांना कोन बदलता येणारे साधे सपाट टेबल पुरते. नखासारख्या वळणाच्या गोल पटाशीला मात्र डावी-उजवीकडे झुलणारी पकड लागते. तशी पटाशी नसेल, तर तिच्यासाठी पैसे घालवू नका. टेबल तर जाड प्लायवूड, बिजागरी आणि बोल्ट वापरून घरीही होते.

दुसरे म्हणजे पक्केपणा पाहा. पटाशी पकडीतून किती बाहेर आली, टेकण दगडापासून किती दूर आहे आणि पकड किती कलली आहे, ही तीन मापे स्क्रूने घट्ट बसली पाहिजेत. हलवून पाहा, डुगडुगत असेल तर घेऊ नका. पहिल्या दोन मापांचे लाकडी ठोकळे कापून ठेवा आणि त्यांवर हत्याराचे नाव लिहा. जाड गोल पटाशीला सुमारे ४५ अंश, खरवडणीला ७० ते ८० अंश कोन चालतो.

कोन जुळला का, ते पाहायला उतारावर मार्करची शाई फासा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने फिरवा. शाई उतारभर सारखी गेली तर कोन बरोबर.

जिग चांगले असले तरी दगडही जपून निवडा. साध्या ग्राइंडरचा दगड मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो. १,४०० फेऱ्यांचा मिळाला तर बरा. हायस्पीड स्टीलला पांढरा दगड घ्या. जुन्या कार्बन पोलादाचे टोक निळे पडले की पाणी उतरले समजा. म्हणून ते वरचेवर पाण्यात बुडवा. टेकण आणि दगड यांत ३ मिलिमीटरहून जास्त फट नको. डोळ्यांवर चष्मा हवाच, मुले दूर हवीत.

दुकानात जाताना आपली पटाशी सोबत न्या. तिच्यावर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.