थ्री नॉट थ्रीचा भाव

जुन्या फौजी रायफलीचा रास्त भाव किती, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: तुम्ही लोखंड घेताय, परवाना घेताय की गोष्ट? आपल्याकडे बहुतेकजण गोष्टीवर भाळतात, पैसे परवान्याचे मोजतात आणि घरी आणतात गंजलेली नळी. रिटायर होऊन गावी गेलेले आपलेच लोक यात जास्त फसतात, म्हणून हे जरा कडक शब्दांत लिहितो आहे.

मी राहतो ती लखनौची वृंदावन योजना. रायबरेली रोडवरची, आवास विकास परिषदेची वसाहत. शेजारी तेलीबाग, पलीकडे कँट. दर दोन गल्ल्यांआड एक माजी सैनिक. इथल्याच मैदानावर ५ ते ९ फेब्रुवारी २०२० ला डिफेन्स एक्स्पो भरला होता. रणगाडे, तोफा, ड्रोन, आणि करारांचे कोटींमधले आकडे. त्याच्या दहाच दिवस आधी, २६ जानेवारीच्या परेडला, उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला होता. नव्या हत्याराची किंमत सगळ्या पेपरांत आली. जुनीची किंमत कोणी विचारलीही नाही. सरकारी कागदावर अशा रायफलीची वाट ठरलेली असते: जमा करा, नष्ट करा.

आता दुसरी बाजू बघा. आपल्या ईशापूर कारखान्याच्या जुन्या रायफली, थ्री नॉट थ्री आणि नंतरची ७.६२ ची टू-ए-वन, सरप्लस म्हणून अमेरिकेत गेल्या. तिथे सुरुवातीला शे-दोनशे डॉलरला मिळत, आज त्याच्या कितीतरी पट मोजून शौकीन त्या घेतात. बंगालमध्ये घडलेली, आपल्या जवानाने खांद्यावर वाहिलेली रायफल परदेशी शौकिनाला मिळते. साताऱ्याच्या हवालदाराला मात्र भिंतीवर लावायला तिचा निकामी सांगाडाही मिळत नाही. भावाची चर्चा करायची तर इथून करायला हवी.

त्या देशात सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. बंदुकांपायी त्यांचं काय चाललंय ते रोज दिसतं. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. त्यांच्या सैन्याच्या जुन्या गरँड रायफली सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम नावाची संस्था विकते. प्रत्येक रायफलीला रॅक, फील्ड, सर्व्हिस अशी प्रत लावते आणि प्रत्येक प्रतीचा भाव छापून जाहीर करते. घेणाऱ्याला दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

प्रत कशी ठरते? आपल्या कोतमध्ये काम केलेल्या कोणालाही हे शिकवायची गरज नाही. आधी नळी. थ्री नॉट थ्रीची जुनी काडतुसं, आपल्या खडकीच्या कारखान्याची केएफ शिक्क्याची धरून, अशा कॅपची होती की फायरनंतर नळीत खार राहायचा. उकळतं पाणी, पुलथ्रू, चिंदी, तेल हे ज्याने वेळेवर केलं नाही त्याच्या नळीत खड्डे पडले. बाहेरून पॉलिश मारून ते झाकता येतात, उजेडाकडे धरून आत बघितलं की लपत नाहीत. मग नंबर. बॉडी, बोल्ट, नळी, नोज कॅप यांवरचे नंबर जुळले पाहिजेत. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर भाव पडतोच, आणि हेडस्पेस तपासल्याशिवाय फायर करणं धोक्याचं. मग बट सॉकेटवरचा शिक्का, कारखाना आणि साल. टू-ए-वन म्हणजे थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेला जुगाड, असं छातीठोक सांगणारे भेटतात. ती ७.६२ साठी सुधारित पोलादात नव्याने बनवलेली रायफल आहे.

गोष्टीचा नंबर सगळ्यात शेवटी. ‘एकाहत्तरला ढाक्याहून आणलेली’ म्हणे. कागद आहे का? नसेल तर त्या वाक्याचा एक रुपयाही देऊ नका.

आपल्याकडे हे सगळं ज्ञान वाया जातं, कारण आपला भाव वस्तूचा नसतोच. थ्री नॉट थ्री बोर सामान्य माणसाला निषिद्ध. इंग्रजांनी घातलेला हा नियम आपण जपून ठेवला. म्हणून कारखाना नागरिकांसाठी .३१५ बनवतो: काडतूस मूळचं ऑस्ट्रियाचं, यंत्रणा ली-एनफिल्डचीच. थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण, फक्त आडनाव वेगळं. परदेशी हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, तेव्हापासून देशात आधीच असलेल्या विलायती बंदुकांना दागिन्यांचा भाव आला. ही टंचाईची किंमत आहे.

आणि टंचाई दोन्ही बाजूंनी कापते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली; तिसरं वर्षभरात जमा करा किंवा विका. देशात सर्वाधिक परवाने याच राज्यात. एकाच वेळी इतके विकणारे बाजारात उतरले की भाव कोण ठरवणार? आमच्या सेक्टरमधल्या एका सुभेदार साहेबांच्या पत्नी, सगळे त्यांना भाभीजी म्हणतात, साहेब गेल्यावर त्यांची .३१५ घेऊन एका दुकानात गेल्या. नळी आरशासारखी, नंबर जुळलेले. नव्या रायफलीच्या चौथा हिस्साही दुकानदार देईना. वर म्हणाला, ठेवायची तर महिन्याचं भाडं द्या. वारसाला परवाना नाही, घरात ठेवणं गुन्हा, तेव्हा घासाघीस करायची कशाच्या जोरावर? बाजारभाव म्हणतात तो हा.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: फौजींना स्वस्तात दिलं की ते विकून खातात. रोख आहे नॉन सर्व्हिस पॅटर्न हत्यारांच्या प्रकरणाकडे. अधिकाऱ्यांना डेपोतून नाममात्र किमतीला मिळालेली हत्यारं श्रीगंगानगरच्या बाजारात पोहोचली आणि मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. झालं ते लाजिरवाणं होतं, त्याची वकिली मी करणार नाही. पण डेपोत नाममात्र आणि बाहेर लाखात, एवढी दरी तुम्हीच ठेवली तर त्यात कोणीतरी उतरणारच. डेपोचा भाव रास्त असता आणि उघड छापलेला असता तर त्या धंद्यात नफाच उरला नसता.

माझी मागणी साधी आहे. निवृत्त झालेली प्रत्येक रायफल वितळवू नका. काही निवडा, नळी आणि चेंबर वेल्ड करा, बोल्टचं तोंड कापा, नंबरासह दाखला द्या. दुरुस्त करूनही जे हत्यार चालू शकत नाही आणि जुन्या धाटणीचं आहे, ते शस्त्र कायद्याचं कलम ४५ मुळातच वगळतं. नवा कायदा लागत नाही, फक्त पद्धत लागते. ब्रिटनमध्ये दाखल्यासह निकामी केलेल्या एनफिल्ड उघड विकल्या जातात. मग प्रतवार भाव छापा आणि पहिला हक्क माजी सैनिक, रेजिमेंटची स्मारकं आणि शाळा यांना द्या.

कोणी म्हणेल, इथले कट्टेवाले ती पुन्हा चालू करतील. कट्टेवाल्याला पाइपाचा तुकडा पुरतो, तो बहुधा .३१५ च्या काडतुसावरच चालवतो. वेल्ड केलेली एनफिल्ड घेऊन तो काय करणार?

पद्धत येईल तेव्हा येईल. तोवर पेन्शनवर गेलेल्यांनी एवढं करा: घरच्यांना परवाना कुठे आहे ते दाखवून ठेवा, हत्याराचा नंबर, बोर, साल आणि खरेदीची पावती एका पाकिटात ठेवा, आणि नळी आतून कशी आहे ते स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करा.