धूळपाटी परदेशी कधी झाली?

मा. संपादक,


रेतीत बोटाने अक्षर गिरवणे ही ‘परदेशी फॅशन’ असल्याचे गेल्या अंकातील लेखात म्हटले आहे. धूळपाटी आपल्याकडे पाटी-पेन्सिलीच्याही आधीची. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये बालगृह उघडले ते त्यानंतर फार उशिरा, १९०७ मध्ये. त्यांच्या खरखरीत अक्षरांवर मूल दोन बोटे फिरवते आणि त्याच वेळी उच्चार करते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने अशी परिसरातलीच साधने वापरली.

लेखातला खर्चाचा आक्षेप इथेच निकालात निघतो. मूठभर चिंचोके, थोडी रांगोळी आणि एक जुने ताट पुरते.

‘वेळ वाया जातो’ हे लेखातले म्हणणेही खरे नाही. चौथ्या वर्षी बोटे पेन्सिलीला सरावलेली नसतात. चिंचोक्यांनी ‘ग’ मांडताना मात्र वळण हाताला कळते. तेच वळण पुढे म, भ, न यांना उपयोगी पडते. ‘गमभन’ हा क्रम त्यासाठीच आहे.

उच्चार न घेता अक्षरावर नुसता कापूस चिकटवला, तर अक्षर शिकवले जात नाही, एवढे मान्य. पण तो दोष पद्धतीचा नव्हे.

लेखकांनी एक सकाळ जवळच्या अंगणवाडीत काढावी, मग पुढचा लेख लिहावा.

– एक बालवाडी शिक्षिका