उन्हाळी बॅचच्या पुढे

एप्रिल उजाडला की आपल्या मोहल्ल्यातली मुलं पोहायला जाऊ लागतात. तीन आठवड्यांची बॅच, नवा गॉगल, शेवटच्या दिवशी अब्बूंनी काढलेला व्हिडिओ. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पोहणं बंद. पुढच्या वर्षी पुन्हा तीच बॅच, पुन्हा तेच हातपाय मारणं. जुम्म्याच्या बयानात आपण कितीदा तरी ऐकलंय की मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असं हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितलं जातं. ऐकून आपण मान डोलावतो. पण जिल्ह्याच्या जलतरण स्पर्धेत जाऊन नावांची यादी बघा. आपली मुलं बोटांवर मोजावी लागतात, आणि मुली शोधाव्या लागतात.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि गेल्या वर्षीपासून एका क्लबच्या स्पर्धा टीममध्ये पोहते. हे सगळं जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की आपल्या मुलांना टॅलेंट नव्हे, माहिती कमी पडते. पोहायला येणं आणि टीममध्ये असणं यांच्यामध्ये दोन-तीन वर्षांचा रस्ता आहे. ज्या घरात मावशी, काका, शेजारी कुणीतरी तो चाललेलं असतं, तिथे मूल सात वर्षांचं झालं की कुणीतरी सांगतं, ‘आता हिला ॲडव्हान्स बॅचला टाका.’ आपल्याकडे ते सांगणारं माणूसच नसतं. म्हणून मला जे कळलं ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, ट्रायल. तिथे फक्त घड्याळ बघतात असं सगळ्यांना वाटतं. माझी मुलगी पहिल्या ट्रायलला २५ मीटर अगदी जोरात गेली, आणि तिची निवड झाली नाही. कोचनी नंतर दाखवलं: डोकं वर, त्यामुळे कंबर खाली, आणि दर हाताला श्वास. लहान मुलांमध्ये ते शरीर पाण्यात आडवं राहतं का, पाय थांबत नाहीत ना, सांगितलेलं ऐकून पुढच्या लेंग्थला मूल तसं करून बघतं का, हे जास्त पाहतात. वेग नंतर आणता येतो, वाकडी सवय मोडायला मात्र वर्ष जातं. आठ महिन्यांनी ती दुसऱ्या ट्रायलला गेली तेव्हा हात आधीपेक्षा सावकाश चालत होते आणि वेळ कमी लागली. मी दिवसभर कोडमधल्या चुका शोधतो, तरी ही गोष्ट मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटली नसती.

चारही स्ट्रोक यायला हवेत. नुसत्या फ्रीस्टाईलवर टीम मिळणं अवघड. नियमही पाठ हवेत. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले नाहीत तर पहिलं आलेलं मूलही बाद होतं. फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली १५ मीटरच जाता येतं. आणि २५ मीटरच्या तलावातली वेळ सांगून छाती फुगवू नका. १०० मीटरला तिथे तीन टर्न मिळतात, ५० मीटरच्या तलावात एकच. बालेवाडीसारख्या मोठ्या तलावात मुलाला एकदा तरी उतरवा, मग खरा आकडा कळतो.

स्पर्धांचे रस्ते दोन. एक शाळेचा: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्हा, मग विभाग, मग राज्य. दुसरा क्लब आणि जलतरण संघटनेचा. दोन्हीकडे जन्मदाखल्यावरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच लागतं. आपल्याकडे ‘शेख’ पुढे की मागे, ‘मोहम्मद’ पूर्ण की ‘मो.’, यावरच किती अर्ज अडकतात! हे काम आजच उरकून घ्या. पुढे जाऊन ही प्रमाणपत्रं उपयोगी पडतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यासाठी ठरावीक पातळीची कामगिरी आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या किती मुलांना हे ठाऊक असतं?

आता अवघड भाग. टीमसाठी चौकशी करत असताना एका क्लबच्या माणसानं मला तोंडावर सांगितलं, ‘तुमच्यातल्या मुली बारा वर्षांच्या झाल्या की यायच्या बंद होतात. मग आम्ही लेन कशाला अडवायची?’ मला राग आला, आणि यायलाच हवा होता. दहा वर्षांच्या पोरीला तिच्या आडनावावरून बाद करणं हा अन्यायच आहे. आम्ही दुसरा क्लब शोधला. पण घरी येताना हेही जाणवत होतं की त्या माणसानं पाहिलेल्या मुली खोट्या नव्हत्या. त्या खरंच आल्या होत्या, चांगल्या पोहत होत्या, आणि एक दिवस आल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न क्लबला जेवढा आहे तेवढाच आपल्यालाही आहे.

बहुतेक वेळा अडतं ते पोशाखावर. मुलांचं सोपं आहे. स्पर्धेचा जॅमर कमरेपासून गुडघ्यापर्यंत येतो. मुलींसाठी तलावातल्या स्पर्धेत वर्ल्ड ॲक्वाटिक्सचा नियम असा की पोशाख खांद्यापलीकडे आणि गुडघ्याखाली जाता कामा नये. म्हणजे हात उघडे राहतात. केस टोपीत जातात. पण हा नियम सगळीकडे जसाच्या तसा लागत नाही. इंग्लंडमध्ये मुस्लिम महिलांच्या एका क्रीडा संस्थेनं मागणी केली आणि २०१७ मध्ये तिथल्या जलतरण संघटनेनं आपल्या स्पर्धांत पूर्ण अंगाचा पोशाख घालायला परवानगी दिली. खुल्या पाण्यातल्या स्पर्धांत तर घोट्यापर्यंतचा पोशाख नियमातच बसतो, आणि मालवणच्या चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी स्पर्धा आपल्याच महाराष्ट्रात होते. (आमचे आजोबा श्रीवर्धनचे, आयुष्यभर जहाजावर नोकरी. कोकणी मुसलमानाला समुद्र नवा नाही, एवढंच म्हणतो.)

त्यामुळे माझा आग्रह असा की पोशाखाचा प्रश्न बाराव्या वर्षी घरात दार लावून सोडवू नका. नवव्या-दहाव्या वर्षीच कोचकडे न्या. आयोजकांना स्पर्धेच्या आधी लेखी विचारा. तलावावर सुती कपडे चालत नाहीत, पण नायलॉनचा लांब पोशाख सरावाला चालेल का, हे स्पष्ट विचारून घ्या. लांब पोशाखात पाण्याचा अडथळा वाढतो आणि वेळ थोडी जास्त लागते, हेही मुलीला आधीच सांगा; तिला ते समजतं. काही घरं गुडघ्यापर्यंतचा पोशाख स्वीकारतील, काही स्वीकारणार नाहीत, काही सागरी स्पर्धांकडे वळतील. मी कुणाला फतवा देत नाही. निर्णयाच्या बैठकीत मुलगी बसलेली असावी, एवढीच माझी अट.

मुलांना सांगायला नावंही आहेत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे बटरफ्लाय पोहलेला शमशेर खान हा आंध्रच्या गुंटूर भागातला लष्करी जवान होता. टोकियोत ट्युनिशियाचा १८ वर्षांचा अहमद हफनावी ४०० मीटर फ्रीस्टाईलच्या अंतिम फेरीत सर्वांत कमी वेगानं पात्र ठरून आठव्या लेनमध्ये उभा होता, आणि सुवर्ण घेऊन गेला. सीरियाची युस्रा मार्दिनी २०१५ मध्ये बुडू लागलेल्या बोटीतून समुद्रात उतरली आणि पुढच्याच वर्षी रिओला निर्वासितांच्या संघातून पोहली. माझ्या मुलीला या तिघांत हफनावी आवडतो, कारण तिलाही नेहमी कडेचीच लेन मिळते.

राहिला वेळेचा प्रश्न. आमचा सराव सकाळी सहाला. उन्हाळ्यात फजर पढून निघता येतं. डिसेंबर-जानेवारीत निघताना फजरची वेळच झालेली नसते, तेव्हा तलावाच्या पार्किंगमध्ये जानमाज अंथरतो. सुरुवातीला वॉचमन बघत राहायचा, आता तोच जागा झाडून ठेवतो. रमजानमध्ये कोच आमच्या मुलीला पाण्याऐवजी इफ्तारनंतरचे व्यायाम लिहून देतात. मागितल्यावर मिळालं, आपणहून कुणी दिलं नसतं.

एकट्या घराला हे रोज झेपत नाही, हे खरं आहे. कोंढव्यातून आम्ही तीन घरं मिळून मुलांना नेतो, आठवड्यातून दोन-दोन दिवस प्रत्येकाची गाडी. पुढच्या महिन्यात ट्रायल आहे. सात ते दहा वयाची मुलगी असेल आणि घरचे ‘बघू’ म्हणत असतील, तर तिला एक दिवस नुसतं बघायला आमच्याबरोबर पाठवा. सव्वापाचला निघतो, गाडीत दोन जागा आहेत.