घरशोभा : भिंतीचा कागद आणि खोलीचा कोपरा

नक्षीदार कागदानें भिंत सजविण्याची हौस आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. सपाट भिंतीवर हा कागद थोड्या सरावानें कोणासही लावतां येतो; लावणाऱ्याची खरी परीक्षा होते ती कोपऱ्यांत. तेथें कागद फुगला किंवा त्यावरील वेली एका अंगास कलल्या, तर साऱ्या खोलीची शोभा जाते आणि त्यापायीं झालेला खर्चही वायां जातो.

दोष बहुधा कागदाचा नसतो, भिंतीचा असतो. दोन भिंती मिळतात ती रेषा डोळ्यांना सरळ वाटली, तरी ओळंब्याला क्वचितच उतरते. भंडारा जिल्ह्यांतील एकोडीसारख्या गांवीं मातीच्या जुन्या घराला विटांची नवी खोली जोडलेली असली, तर दोन गिलावे दोन हातांचे असतात आणि कोपरा कोठें गोल, कोठें खोल होतो. म्हणून अखंड पट्टा कोपऱ्यावरून तसाच वळवूं नये, हा पहिला नियम.

कागदाचा पट्टा सुमारें २१ इंच रुंद असतो. शेवटच्या पट्ट्याच्या कडेपासून कोपऱ्यापर्यंतचें अंतर वर, मध्यें व खालीं असें तीन ठिकाणीं मोजावें. समजा, तें ९, सव्वानऊ व पावणेनऊ इंच भरलें. यांतील सर्वांत मोठें माप घेऊन त्यांत अर्धा इंच मिळवावा व पावणेदहा इंचांवर पट्टा उभा कापावा. हा तुकडा लावून जादा कागद मऊ ब्रशानें कोपऱ्यांत दाबीत शेजारच्या भिंतीवर वळवावा. सुरकुती पडली तर वळलेल्या भागास कात्रीनें लहान छेद द्यावेत.

आतां सव्वाअकरा इंचांचा तुकडा उरला. दुसऱ्या भिंतीवर ओळंबा सोडून पेन्सिलीनें एक उभी रेषा आखावी. मात्र कोपऱ्यापासून तिचें अंतर कोठेंही सव्वाअकरा इंचांहून अधिक असूं नये. तुकड्याची मूळची सरळ कड या रेषेला लावावी आणि कापलेली कड कोपऱ्यांत, वळविलेल्या कागदावर बसवावी. कोपऱ्यापलीकडे गेलेला कागद धारदार पात्यानें छाटावा. नक्षी किंचित् तुटते खरी. पण ती कोपऱ्याच्या सांवलींत लपते आणि पुढची सारी भिंत सरळ राहते.

खांबाच्या किंवा खिडकीच्या बाहेर आलेल्या कोनावरही हीच रीत चालते. तेथें कागद इंचभर वळवावा. पुढच्या पट्ट्याची कड मात्र कोनाच्या अगदीं धारेवर आणूं नये, पाव इंच मागें ठेवावी. नाहींतर येतांजातां पदर लागून ती उचकटते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर कागद साध्या खळीनें धरत नाहीं. त्यासाठीं निराळा चिकटा मिळतो, तो आधींच आणावा.

याहून महत्त्वाची गोष्ट ओलीची. भाताच्या आणि तलावांच्या या मुलखांत पावसाळ्यानंतरही भिंती पुष्कळ दिवस ओल धरून राहतात, आणि कोपरा सर्वांत शेवटीं वाळतो. एक फूट लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. आंतल्या बाजूस थेंब दिसले तर कागदाचा विचार तूर्त सोडावा. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील हिरव्या कागदांच्या रंगांत सोमल असे, आणि ओलसर भिंतीवरील बुरशी त्यापासून विषारी वायु निर्माण करी. सोमल गेला, बुरशी मात्र गेलेली नाहीं. ज्या खोलींत वृद्ध माणसें किंवा दम्याचीं मुलें निजतात, तेथें ओली भिंत कागदाखालीं झांकणें म्हणजे दुखणें झांकून वाढविणें होय. गळतें कवेलू आधीं बदलावें, सुटा चुना खरवडावा आणि काम माघ-फाल्गुनांत करावें.

आतां हिशेब. १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे २६ पट्टे. भिंत १० फूट उंच असल्यास ३३ फुटांच्या गुंडाळींतून ३ पट्टे निघतात. म्हणून ९ गुंडाळ्या, आणि नक्षी जुळविण्यासाठीं व कोपऱ्यांसाठीं आणखी एक. दारें-खिडक्यांची वजावट करण्याच्या मोहांत पडूं नये. सर्व गुंडाळ्यांवरील छपाईचा क्रमांक एकच आहे ना, तें दुकानांतच पाहावें. मागाहून आणलेली गुंडाळी रंगानें थोडी तरी वेगळी निघते.

काम दोघांनीं करावें : एकानें वरून पट्टा धरावा, दुसऱ्यानें ओळंबा पाहावा. भिंतीवर विश्वास ठेवूं नये, दोरीवर ठेवावा.