फसलेली गाडी आणि परक्याचा ट्रॅक्टर

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे ते बहुतेक माझ्यासारखेच आहेत: लॅपटॉपवाले, ईएमआयवाले, शनिवारी पहाटे गाडी काढून "कुठेतरी कच्च्या रस्त्याला" जाणारे. नागपूरहून खाप्याकडे, कन्हानच्या काठाने किंवा पुढे खेकरानाल्याच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या पावसाळ्यात मोजा कधी. गाडीच्या टपावर एलईडीची पट्टी, समोर काळा बुलबार, मागे 'बॉर्न टू रोम' छापाचं स्टिकर. आणि डिकीत काय? चिवडा, क्रिकेटची बॅट, एक छत्री.

फावडं नाही. दोर असला तर तो कपडे वाळत घालायच्या लायकीचा.

माझं आजोळ खाप्याचं, मामांचं वावर गावापासून थोडं लांब. त्यामुळे ह्या गाड्या फसल्यावर पुढे काय होतं ते मला दुसऱ्या बाजूने, म्हणजे ज्याच्या दारात येऊन "काका, जरा ट्रॅक्टर आणता का" म्हणतात त्या बाजूने दिसतं. मामांचं म्हणणं थोडक्यात असं: "पोट्टे येतेत, गाडी फसवतेत, आन मंग आपल्यालेच इचारतेत का आता काय करू. काहून घातली बे मंग?"

आधी ही माती समजून घेऊ, कारण निम्मं भांडण तिथेच मिटतं. इकडचे शेतकरी जमिनीला सरसकट 'माती' म्हणत नाहीत. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी तिची नावं आहेत. बरडीवर पावसातही गाडी निघून जाते. काळीवर नाही. काळ्या मातीतली चिकणमाती (मॉन्टमोरिलोनाइट गटातली) पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच जमीन लोणी होते. त्यातून दोन दिवस ऊन पडलं की वर पापुद्रा वाळतो, रस्ता कोरडा दिसतो, आणि आत सगळं तसंच ओलं. शहरातला माणूस इथेच फसतो (दोन्ही अर्थांनी).

आणि ही माती नुसती निसरडी नसते, ती चिकटते. टायरच्या खाचा पाच-सात फेऱ्यांत भरून जातात आणि तुमचे महागडे ऑल-टेरेन टायर गुळगुळीत डोनट होतात. पुढे ती मडगार्डच्या पोकळीत साचत जाते आणि चाकच धरून ठेवते. गावातली पोरं पावसाळ्यात मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात ते काय फॅशन म्हणून नाही. शिवाय शहरात दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्हींना इंजिन फिरवतं ती चाकं दोनच असतात. गाडी उंच असणं आणि गाडी चारही चाकांनी ओढणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत त्या एकच वाटतात, ही जाहिरातीची कमाल.

आता ह्यावर ठरलेली तीन उत्तरं येतात.

पहिलं: "मी ऑफरोडिंग करतच नाही." बरोबर. पांदणीत समोरून बंडी आली म्हणून तुम्ही दोन चाकं कडेला उतरवता, तेव्हाही तुम्ही ऑफरोडिंग करत नसता. मातीला हे कोण सांगणार?

दुसरं: "रोडसाइड असिस्टन्स आहे की." माझ्या एका मित्राने असाच फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, "सर, गाडी पक्क्या रस्त्यावर आहे का?" पक्क्या रस्त्यावर असती तर फोन कशाला केला असता! बहुतेक योजनांच्या बारीक अक्षरांत पक्क्या रस्त्याची अट असते. घरी चहा पिताना वाचून घ्या, चिखलात उभं राहून नको.

तिसरं, आणि माझं खरं भांडण ज्याच्याशी आहे ते: "गावात ट्रॅक्टर मिळतोच."

मिळतो. विदर्भातला शेतकरी सहसा नाही म्हणत नाही. पण त्या ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला तुम्ही काय करायला सांगता आहात ह्याचा हिशोब केलाय? आपण इंजिनियर लोक ना, मग करू.

लष्करी रिकव्हरीच्या पुस्तकांत एक ढोबळ नियम आहे. गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिला ओढायला साधारण तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. म्हणजे दोन टनांची गाडी पोटावर बसली की चार टनांचा जोर. तो ताण एका दोरावर, एका हुकावर आणि दोन टनांच्या आसपासच्या एका ट्रॅक्टरवर. दोर जर ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यापेक्षा (म्हणजे अ‍ॅक्सलपेक्षा, शेताचा धुरा नव्हे) वर कुठेतरी बांधला, तर गाडी हलण्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. क्लच दाबावा हे सुचेपर्यंत तो चालवणाऱ्याच्या अंगावर असतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना रोलबार नसतो. दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधायचा हे जुन्या चालवणाऱ्याला ठाऊक असतं, पण तुमच्या हाकेला तो येईलच असं नाही. कधी त्याचा सतरा वर्षांचा पोरगा येतो.

आता झटका. साधा दोर किंवा साखळी ताणली जात नाही, म्हणून लोक सैल सोडून ट्रॅक्टर पळवतात आणि हिसका देतात. दोन टनांचं वाहन ताशी १० किलोमीटरने जात असेल तर त्यात साधारण ७७०० ज्यूल ऊर्जा असते. सिमेंटची ५० किलोची गोणी १५-१६ मीटरवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून खाली सोडा, तेवढी. वेग २० केला तर चौपट. ही सगळी ऊर्जा त्या साखळीत सगळ्यात कच्ची कडी शोधते. ती तुटली की टोकाला जो लोखंडी तुकडा असेल तो गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या टो-बॉलला दोर अडकवून गाडी ओढताना तो बॉल तुटून माणसं मेलेली आहेत. तिथे हे ऑफरोडिंगचा पहिला धडा म्हणून शिकवतात.

मागच्या श्रावणात मामांच्या धुऱ्याशेजारी एक गाडी पांदणीत बसली होती. मी तिथेच होतो. चालकाने बुलबारला दोर गुंडाळला (२०१७ मध्ये ज्यांच्यावर कारवाई करायला केंद्राने राज्यांना सांगितलं तेच हे बुलबार, शोभेसाठी चार बोल्टांवर लटकलेले). दुसऱ्या हिसक्याला नळीसकट एक ब्रॅकेट निघालं आणि ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डला खळ्ळकन लागलं. मडगार्डला पोचा आला. वितभर वर मामांची पाठ होती. गाडीतल्या मंडळींनी नंतर आभार मानले, सेल्फी काढला, दोनशे रुपये पुढे केले. मोडलेल्या पऱ्हाटीच्या तीन तासांकडे कोणी पाहिलंही नाही. मामांनी पैसे घेतले नाहीत. मला मात्र अजून राग आहे, म्हणून हे लिहितोय.

खाप्याजवळच गुमगावची मँगनीजची भूमिगत खाण आहे, मॉइलची. धातूंच्या खाणींत माणसं किंवा माल ओढणाऱ्या दोराला किती ताण चालेल, तो कधी तपासला, हे नोंदवून ठेवायचं असतं. त्याला १९६१ ची नियमावली आहे. आणि तिथून थोड्याच अंतरावर आपण दोन टनांची गाडी 'अंदाजे जाड दिसतोय' अशा दोराने ओढतो.

तर मग काय घ्यायचं? सगळ्यात आधी फावडं. हसू नका. वर जो दुप्पट जोराचा हिशोब केला, तो कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खणणं. चाकांपुढची माती काढली, पोटाखालचा ढीग काढला की निम्मं काम झालं. पुष्कळदा ट्रॅक्टर लागतच नाही. कॅनडात डोंगरात स्नोमोबिल घेऊन जाणारे लोक (आपल्या गुलमर्गला स्नो-स्कूटर मिळते तिचीच मोठी भावंडं) फावडं पाठीवरच्या पिशवीत ठेवतात, गाडीवर नाही. हिमस्खलनात गाडी गेली तर फावडंही जायचं. आपल्याकडे बर्फ नाही, पण तत्त्व तेच. गाडी मागे घसरून डिकीचा दरवाजा धुऱ्याला टेकला की आतलं सामान असून नसल्यासारखं. फावडं आणि दोर पुढच्या सीटच्या मागे ठेवा.

दुसरं, फळी. बाभळीची, दोन फूट लांब, चांगली जाड. चिखलात जॅक गाडीला वर नेत नाही, स्वतः खाली जातो. फळीवर ठेवला तरच चाक उचललं जातं, आणि चाक उचललं की खाली काहीतरी सारता येतं. ह्या 'काहीतरी'साठी प्लॅस्टिकचे रंगीत ट्रॅक्शन बोर्ड मिळतात आणि ते चांगले असतात, पण गावात अजूनही तुराट्यांचा भारा घालतात, ओल्या मातीवर तोही छान धरतो. (विचारून घ्या. तुराट्या कोणाच्या तरी चुलीच्या असतात.) आणि जॅक आहे का तेही बघा! २०२० पासून टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकता येते. स्टेपनी गेली की तिच्यामागून पाना-जॅकही गेलेला असू शकतो.

मग दोर. इथे थोडे पैसे लागतील. हिसक्यासाठी ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर किंवा पट्टा लागतो, तो ताणून ऊर्जा हळूहळू सोडतो. साधा टोइंगचा पट्टा पॉलिस्टरचा असतो, तो सपाट रस्त्यावर बंद गाडी न्यायला ठीक, हिसक्याला नाही. दोराची तुटण्याची क्षमता हलक्या वाहनाच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट हवी. ऑनलाइन एका पिझ्झ्याच्या किमतीत '५ टन' लिहिलेले पट्टे मिळतात. ते ५ टन म्हणजे तुटण्याची क्षमता की सुरक्षित भार, हे लिहिलेलं नसतं. जिथे लिहिलेलं नाही ते घेऊ नका. शॅकलवर सुरक्षित भार कोरलेला असतो. १९ मिलिमीटरच्या बो-शॅकलवर ४.७५ टन. दोराचाच बनवलेला सॉफ्ट शॅकल मिळाला तर अजून छान, तुटला तरी अंगावर लोखंड येत नाही.

आणि गाडीच्या टूलकिटमधला तो आट्यांचा टोइंग हुक एकदा लावून बघा. बंपरवरचं झाकण कुठे आहे, आटे उजवे की डावे (काही गाड्यांत उलटे असतात), हे अंधारात शोधायची गोष्ट नाही. पण लक्षात असू द्या, तो हुक हळू ओढण्यासाठी आहे, हिसक्यासाठी नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणूनच पुन्हा फावडं.

कन्हानच्या वाळूत हिशोब थोडा वेगळा. तिथे टायरची हवा ३२-३३ वरून १८-२० पीएसआयवर आणली की गाडी बऱ्याचदा आपसूक निघते, फक्त परत भरायला बारा व्होल्टचा पंप हवा. पण तिथे दुसरी भानगड आहे. कन्हान छिंदवाड्याकडून सातपुड्यातून येते. खाप्यात ऊन असताना वर पाऊस झाला तर पाणी इथे वाढतं. पात्रात फसलेल्या माणसाकडे ट्रॅक्टर येईपर्यंतचा वेळ असतोच असं नाही. पावसाळ्यात पात्रात गाडी घालायची नाही, ह्यावर चर्चा नको.

विंच? घ्या, पैसे जास्त झाले असतील तर. काळ्या वावरात त्याला अडकवायला झाड कुठे आहे ते आधी सांगा :-)

एवढं सगळं घेऊनही ट्रॅक्टर बोलवावा लागेल कधीतरी. तेव्हा दोर तुमचा, शॅकल तुमचे, आणि नियमही तुम्हीच सांगायचा: दोर ड्रॉबारलाच, मध्यावर ओलं पोतं, बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. नऊ मीटरचा दोर असेल तर चौदा मीटर, पोरासोरांसकट. डिझेल आणि वेळेचे पैसे विचारून द्या, सरळ हातात. "नको नको" म्हटलं तरी द्या. मोडलेल्या तासांचे वेगळे.

घरी आल्यावर दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. काळ्या मातीचे कण नायलॉनच्या धाग्यांत राहिले की आतून कापत जातात, बाहेरून काही दिसत नाही, आणि वर ओला नायलॉन कोरड्यापेक्षा कमी ताण घेतो. बाल्कनीत टांगला तर सोसायटीत दोन दिवस चौकशा होतील, तेवढं चालवून घ्या.